हवाई पत्रातले मासे

आमच्या पहिल्या टाकीची मापं मला अजून पाठ आहेत. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. चौकट लोखंडी अँगलची, काचा नव्या पेठेतून कापून आणलेल्या, सांध्यांना पुट्टी. तळाला सीना नदीची वाळू, तीनदा धुतलेली. मागच्या काचेला लागून पट्टीसारख्या लांब पानांचं पाणगवत, डाव्या कोपऱ्यात कंबर तलावातून आणलेली हिरवी वेल. माझ्या यजमानांनी ती लग्नाआधी स्वतःच्या हाताने बनवली होती. लग्नाला आठ महिने झाले आणि ती माझ्यावर सोपवून ते मस्कतला नोकरीला गेले. करार दोन वर्षांचा. आणीबाणी उठली, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट.

आठ महिन्यांतला एक महिना मी माहेरी काढला होता, म्हणजे हाती राहिले सातच. घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढं, त्यात सासू-सासरे आणि आम्ही. वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोने शेजारी बसायची पद्धत नव्हती. पण बाहेरच्या खोलीत शहाबादी फरशीच्या कट्ट्यावर टाकी होती, आणि टाकीसमोर बसलं की आम्ही मासे बघत असायचो. त्याला कुणाची हरकत नसे. संध्याकाळी गिरणीतून आले की हे हात धुऊन टाकीसमोर बसत आणि मला समजावून सांगत. कुठला मासा वर राहतो, कुठला मध्ये, कुठला वाळूत तोंड घालत फिरतो. "टाकी मजल्यांनी भरायची," असं ते म्हणत. एका मजल्यावर गर्दी झाली की भांडणं सुरू. मी ऐकत असे, आणि आमचे गुडघे एकमेकांना लागलेले असत.

जाताना टाकीत पाच झेब्रा मासे होते, काळ्या मोलींची एक जोडी आणि काही गोगलगाई. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला. दिवसातून एकदा खाणं, चिमूटभर. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलणे. नवं पाणी दोन दिवस शिळं करून घालणे. मी तो कागद वहीत उतरवून घेतला आणि पुढे रोज त्याच्यापुढे खूण करत गेले. आता पन्नाशी ओलांडली, तरी खुणा करायची सवय सुटलेली नाही.

मस्कतहून पत्र यायला दहा-बारा दिवस लागत. निळं हवाई पत्र, घडी घातली की त्याचंच पाकीट होणारं. पत्र मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या नावाने येई. घरचा रिवाजच तसा होता. मामंजी गिरणीच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झालेले. ते चष्मा पुसत, सुरीने कडा कापत आणि पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचत. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणे. त्या उंबऱ्यावर बसून ऐकत आणि मी त्यांच्या मागे उभी राही. आधी प्रकृतीची चौकशी, मग तिथलं ऊन, जेवण, काम. माझं नाव कधीच नसे. वडिलांना लिहिलेल्या पत्रात बायकोचं नाव कोण लिहिणार? पण शेवटी चार ओळी माशांच्या असत. मामंजी त्याही त्याच आवाजात वाचत, जणू गिरणीच्या दारावरची नोटीस. त्या चार ओळी माझ्या आहेत हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी तसं बोलून दाखवत नव्हतं.

उत्तराच्या पत्राची वाटणीही ठरलेली होती. दोन पानं मामंजींची. पुढची अर्धी बाजू आत्याबाईंची; त्या सांगत, मी लिहीत असे. आणि चिकटवायच्या पट्टीच्या वर दोन बोटं रुंद जागा उरे, ती मला. "माशांचं काय ते लिही," मामंजी म्हणत आणि पत्र माझ्याकडे सरकवत. लिहून झालं की ते वाचत आणि मगच चिकटवत. त्या दोन बोटांत मी थोडक्यात लिहायला शिकले. "झेब्रा पाच, ठीक. मोलीला पिल्लं झाली, दुसऱ्या दिवशी एकही नाही. पाणी गुरुवारी बदललं. मागचं गवत अर्धी टाकी." तीन आठवड्यांनी त्याला उत्तर येई, "पिल्लं खाणारं बाहेरचं कुणी नाही, आईच खाते. पुढच्या वेळी वेल जास्त दाट ठेवावी, लपायला होते." मी वेल दाट केली. पुढच्या पत्रात तसं लिहिलं. त्यावर उत्तर आलं. आमचा संसार दीड वर्ष असाच चालला.

दुसऱ्या वर्षी पत्रातल्या माशांच्या ओळी कमी होत गेल्या. चाराच्या तीन झाल्या, मग "मासे बरे असतील" एवढीच एक. मी वहीत पाहिलं तर मीही तेच तेच लिहीत होते. झेब्रा पाच, ठीक. मोली दोन, ठीक. नवं काही घडतच नव्हतं, तर माणूस विचारणार काय?

होळीनंतर एक पत्र आलं. मामंजींनी वाचलं की कंपनी आणखी दोन वर्षं थांब म्हणते, पुढच्या महिन्याच्या अखेरीला सांगायचं आहे, आपलं मत कळवावं. मग त्यांनी पत्र उलटं करून पाहिलं.

"माशांचं काही लिहिलेलं दिसत नाही," ते म्हणाले आणि घडी घातली.

मामंजींचं मत, थांबावं; उत्तराला अजून महिना आहे, असंही ते म्हणाले. आत्याबाई पदराने नाक पुसत म्हणाल्या, तुमी म्हनाल तसं. मला कुणी विचारलं नाही. त्यात मला तेव्हा काही नवल वाटलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला घेतली. यांनी यावं एवढंच मला हवं होतं. तसं लिहायला माझ्याकडे दोन बोटं जागा होती आणि ती आधी मामंजी वाचणार होते. म्हणून मी ठरवलं की टाकीत नवे मासे घालायचे. असे घालायचे, की लिहिल्यावर यांना ते बघायला यावंसं वाटेल.

आता टाकी लहान, झाडांनी भरलेली, आत सात जुने रहिवासी. उगाच काहीही आणून चालणार नव्हतं. मी वहीत रकाने आखले. माशाचं नाव. वाढून किती होतो. कुठल्या मजल्यावर राहतो. इतरांना त्रास देतो का. झाडं उपटतो का. शेवटचा रकाना मी पेन्सिलने आखला, आमच्या घरात चालेल का.

हा शेवटचा रकाना सगळ्यात अवघड होता. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. माशांना उकडलेल्या अंड्याचा बलक देतात, किंवा जिवंत किडे. यांनी एकदा वाटीभर डासांच्या अळ्या आणल्या होत्या. आत्याबाईंनी ती वाटी उचलून अंगणात ओतली आणि वाटी तीन दिवस उन्हात पालथी ठेवली. तेव्हापासून आमचे मासे कणकेच्या वाळवलेल्या चुऱ्यावर आणि काचेवरच्या शेवाळावर राहत होते. नवा येणारा मासा टाकीतल्यांशी जुळायला हवा होता आणि आत्याबाईंशीही.

मासे मंगळवार पेठेत एका घड्याळजीकडे मिळत. पुढे काउंटरवर उघडी घड्याळं, मागच्या भिंतीला सहा टाक्या. मुंबईच्या गाडीने महिन्यातून एकदा त्याचा माल येई. डोळ्याला भिंग लावूनच तो माशांकडेही बघत असे. मी वही उघडून एकेक रकाना विचारायला लागले, तेव्हा त्याने भिंग कपाळावर सरकवलं.

"भाभी, मच्छी लेने आये कि लडकी देखने?"

मी म्हटलं, चौकशी केल्याशिवाय मी भाजीसुद्धा घेत नाही. तो हसला, पण त्यानंतर नीट उत्तरं दिली. पट्टेवाल्या बार्बबद्दल म्हणाला, गुंड आहे, लांब शेपटीवाल्यांचं पीस पीस करेल. सोनमासा वाळू उकरून झाडं मुळासकट काढतो. फायटर एकटाच ठेवायचा. एंजल मात्र मला फार आवडला होता. चपटा, रुपेरी, पतंगासारखा. सगळ्यांबरोबर राहतो का, असं मी विचारलं.

"रहता ना," तो म्हणाला. "इसके मुँह में जो समाता, उसको छोडके सबके साथ रहता."

मी एंजलवर काट मारली. आज नखाएवढा असला तरी वाढून तळहाताएवढा होणार, आणि तेव्हा माझे झेब्रा त्याच्या तोंडात मावतील. मग मी खाण्याचं सांगितलं. अंडं नाही, किडे नाहीत.

"अंडा नक्को, किडे नक्को. तुमको सोवळेवाली मच्छी होना भाभी," असं म्हणून त्याने भिंग पुन्हा डोळ्यावर घेतलं आणि म्हणाला, आठ दिवसांनी या.

आठ दिवसांनी गेले, माल आला नव्हता. पुन्हा चार दिवसांनी गेले. तेव्हा त्याने एका बरणीवरचं फडकं काढून दाखवलं. मोती गुरामींची जोडी. तपकिरी अंगावर बारीक पांढरे ठिपके, पोटाखालून दोन लांब दोऱ्यांसारख्या मिशा, त्यांनी समोरचं सगळं हलकेच चाचपत चाललेले. लग्नाआधी यांनी मुंबईत एकदा हा मासा पाहिला होता. त्याचं वर्णन मी त्या सात महिन्यांत निदान दहा वेळा ऐकलं असेल. मागचं गवत पाण्याच्या वर टेकलं की वरचा मजला त्यांचा, असं ते म्हणत. गवत आता वर टेकून आडवं पसरायला लागलं होतं.

तरी मी घाई केली नाही. झेब्रे चपळ असतात, लांब मिशा ओढतील अशी मला भीती होती. घड्याळजीने स्वतःच्या टाकीतले चार झेब्रे त्या बरणीत सोडले आणि म्हणाला, उद्या बघून जा. दुसऱ्या दिवशी मी स्टुलावर अर्धा तास बसून पाहिलं. झेब्रे एकमेकांमागे धावत होते, गुरामींच्या मिशा शाबूत होत्या. चुराही खात होते. रकाने सगळे भरले. शेवटच्यापुढे मी "हो" लिहिलं आणि पेन्सिल खोडून शाईने गिरवलं.

आता पाणी. पाणी दोन दिवस शिळं करायचा आमचा मातीचा रांजण होता, तो त्याच आठवड्यात तडकला. नळ एक दिवसाआड येई. घरात तेवढं मोठं भांडं दुसरं एकच होतं. तांब्याचा हंडा, माझ्या माहेरचा. घरातलं सगळ्यात चांगलं पाणी त्यात ठेवायची रीत. मी तो चिंच आणि मीठ लावून लख्ख घासला, भरला, वर स्वच्छ फडकं बांधलं. आत्याबाई बघत होत्या. माशांचं खूळ त्यांना कधी आवडलं नव्हतं, पण हंड्याकडे बघून त्या म्हणाल्या, "पावन्यांची बडदास्त लई चांगली हाय की." दोन दिवसांनी मी अर्धी टाकी पाणी काढलं आणि हंड्यातलं घातलं. नेहमी पाव टाकी बदलत असे. पण पाहुणे खास होते.

गुरामींना सोडलं तेव्हा दुपारचे चार वाजले होते. ते सरळ वरच्या मजल्यावर गेले, गवताच्या आडव्या पानांखाली, जसं यांनी सांगितलं होतं अगदी तसं. मी मनातल्या मनात माझ्या दोन बोटांचा मजकूर जुळवत बसले. एवढं पहिल्यांदाच लिहायला होतं की जागा पुरणार नव्हती.

सकाळी गोगलगाई काचेवरून गळून वाळूवर पडल्या होत्या. झेब्रे वर तोंड काढून भराभरा गिळत होते. मोलींच्या कल्ल्यांची उघडझाप दुरून दिसत होती. मी कपाटाच्या दाराचा कागद वाचला, वही वाचली. सगळ्यांपुढे खुणा होत्या. चप्पल सरकवून मी मंगळवार पेठेत गेले. दुकान नुकतंच उघडत होतं. घड्याळजीने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"पानी कायमें रखे थे?"

मी सांगितलं.

त्याने हातातलं कुलूप काउंटरवर ठेवलं. "तांबा जहर है इनको, भाभी," तो हळू आवाजात म्हणाला. मग स्वतःच्या टाकीतलं दोन बादल्या पाणी काढून माझ्याबरोबर माणूस दिला. त्याचे पैसे घेतले नाहीत. तरीही दुपारपर्यंत काही उपयोग दिसला नाही. आधी गुरामी गेले, मग झेब्रे एकामागून एक. मोली संध्याकाळपर्यंत होत्या. यांच्या हातच्या तेवढ्याच उरल्या होत्या, म्हणून मी तिथून हलले नाही.

आत्याबाईंनी पेरूच्या झाडाखाली स्वतः खड्डा केला. माती लोटताना त्या एकदा थांबल्या. "मी बी तेच पानी पिते की गं," त्या म्हणाल्या. "मला कुटं काय झालं?" त्यांना खरंच कळत नव्हतं. मलाही आदल्या दिवशीपर्यंत कळलं नव्हतं. माझ्या वहीत पाणी किती, किती शिळं, कधी घालायचं, सगळं होतं. कशात ठेवायचं, हा रकाना नव्हता, कारण रांजण कायम होताच.

दोन दिवसांनी मामंजींनी हवाई पत्र लिहायला घेतलं. दोन पानं त्यांनी लिहिली, थांबावं असंच त्यात होतं. आत्याबाईंनी सांगितलेलं मी लिहिलं. मग माझी जागा आली. मी लिहिलं, "तांब्याच्या हंड्यातलं पाणी घातलं. चूक माझी. झेब्रा पाच, मोली दोन गेले. मोती गुरामींची जोडी आणली होती, तीही गेली. झाडं चांगली आहेत. तुम्ही या."

मामंजी नेहमीप्रमाणे वाचायला लागले. मी दाराशी उभी होते. त्यांनी एकदा वाचलं, मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता पत्र फाडतील, किंवा शेवटचे दोन शब्द खोडायला लावतील. हजेरीच्या वहीत खाडाखोड न चालवून घेणारा माणूस.

"इथं अजून अर्धी ओळ बसते," ते म्हणाले.

मला आणखी काही लिहायचं नव्हतं, तसं मी सांगितलं.

"मग मी लिहितो." त्यांनी पेन घेतलं, बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं, पट्टीला पाण्याचं बोट लावलं आणि पत्र बंद करून स्वतः पोस्टात टाकायला गेले. काय लिहिलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची माझी हिंमत नव्हती.

पत्रं वाटेत एकमेकांना चुकवून गेली. आमचं पत्र पोचायच्या आत यांनी कंपनीला उत्तर दिलं होतं. दोन वर्षं नाही, एक वर्ष. तसं मामंजींना कळवणारं पत्र आलं. त्यानंतर नवव्या दिवशी पोस्टमनने आणखी एक निळं पत्र दिलं. मामंजींनी सुरी काढली, पत्ता वाचला आणि सुरी बाजूला ठेवली. पत्र त्यांनी माझ्यासमोर धरलं. वर माझं नाव होतं, पूर्ण, "सौ." लावून. त्या घरात माझ्या नावाने आलेलं ते पहिलं पत्र.

मी ते स्वयंपाकघरात नेऊन वाचलं. त्यात होतं की मासे गेले याचं दुःख करू नये, चूक त्यांचीच, भांड्याचं सांगायला हवं होतं. आणखी होतं की बाबांनी शेवटी लिहिलंय, "हिचं म्हणणं तेच माझं, वरचं मत रद्द समजावं," आणि ते वाचून त्यांना जेवण गेलं नाही, कारण सही करून झाली होती. नवे मासे इतक्यात आणू नयेत. आल्यावर दोघांनी जाऊन निवडायचे. तोवर झाडं वाढू द्यावीत. मग दीड पान असं होतं जे मी इथे लिहिणार नाही.

त्या संध्याकाळी मामंजींनी पोस्टातून एक कोरं हवाई पत्र आणून टाकीशेजारी ठेवलं. अख्खं. त्याच्यावर कुणी आधी काही लिहिलेलं नव्हतं आणि नंतर कुणी वाचणार नव्हतं. एवढी जागा मला कधी मिळाली नव्हती. दोन दिवस मी त्यावर काही लिहू शकले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे आडवे झाल्यावर बसले आणि सवयीने पाण्याचं, झाडांचं, आत्याबाईंच्या गुडघ्याचं लिहून काढलं. ते सगळं मिळून अर्ध्या पानात संपलं. खाली दोन पानं निळी, कोरी. मग मी लिहिलं, "रोज चार वाजता टाकीसमोर बसते. आत बघायला काही नाही. तासभर बघते."